गणनेचा दिवस आणि नंतरचे वर्ग

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सामुदायिक महाविद्यालयांच्या अनुदानाचे एकक म्हणजे ५२५ तास, अर्थात एक पूर्णवेळ विद्यार्थी! अध्ययनास तपश्चर्या मानणाऱ्या समाजाला हा हिशेब विचित्रच वाटेल. नियमित वर्गांत रोजची हजेरी मोजत नाहीत. सत्राचा एक-पंचमांश काळ लोटला की एका दिवसाचा पट ग्राह्य धरतात. दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्याने वर्ग सोडला तरी अनुदान अबाधित. मग त्याला टिकवण्याची निकड संस्थेस का वाटावी? २०१८ पासून पदवी-प्रमाणपत्रे व गरीब विद्यार्थ्यांची संख्याही सूत्रात आली. मोठा वाटा मात्र पटाचाच राहिला. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत कागदावरचे लाखो विद्यार्थी शाळांत आढळलेच नाहीत. तेथे पटच खोटा होता. कॅलिफोर्नियात तो खरा असूनही अपुरा ठरतो. सत्राअखेरीस दुसरी गणना करून काही अनुदान तिच्याशी जोडण्यास कोणती अडचण आहे?