पाचारण कोणाचे?

‘पाचारण’ म्हटले की आपल्या धर्मग्रामांत आजही सेमिनरी आणि कॉन्व्हेंटच डोळ्यांसमोर येतात. पाचारण रविवारची प्रार्थनाही बहुधा तेवढ्यापुरतीच असते. वास्तविक, स्नानसंस्कार झालेल्या प्रत्येकालाच परमेश्वराचे बोलावणे असते, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्येच स्पष्ट केले. १५ मे २०२२ रोजी संतपदी आरूढ झालेले देवसहायम हे विवाहित प्रापंचिक होते.

परंतु आपल्यावर सोपविलेले कार्य श्रद्धावंताने एकट्यानेच कसे ओळखावे? संत पौलाच्या दृष्टीने आपण एका शरीराचे अवयव आहोत. शरीरापासून तुटलेल्या हाताला आपले काम कळणार तरी कसे? ही ओळख पटविण्याची जबाबदारी धर्मग्रामाची आहे आणि नेमकी तेथेच उणीव आहे.

धर्मसभेच्या कायद्यानुसार धर्मग्रामात अर्थसमिती अनिवार्य आहे (कलम ५३७). पाळकीय परिषद मात्र बिशपांना इष्ट वाटल्यास (कलम ५३६). म्हणजे पैशांचा हिशेब सक्तीचा, माणसांच्या कृपादानांचा विचार ऐच्छिक! ऑक्टोबर २०२४ मधील सिनडच्या अंतिम दस्तऐवजाने अशा परिषदा अनिवार्य कराव्यात, असा आग्रह धरला आहे. तो रास्त आहे. तथापि, नेहमीच्याच चार नावांची परिषद वर्षातून एकदा सणाची वर्गणी ठरविण्यासाठी बसणार असेल, तर सक्तीनेही फारसे साधणार नाही. धर्मशिक्षण कोण उत्तम देऊ शकेल, आजाऱ्यांजवळ कोण धीराने बसू शकेल, हे त्या बैठकीत नावानिशी बोलले गेले पाहिजे. आणि त्या व्यक्तीकडे जाऊन तसे विचारलेही पाहिजे.