जवारी ॲपमध्ये नसते

मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं. आपण अभिमानानं स्टोऱ्या टाकल्या. आता सांगा, रियाजाला काय लावता? मोबाइलवरचं तानपुरा ॲप. ते कधी उतरत नाही, हीच तर अडचण. खरा तानपुरा हवा बदलली की उतरतो. खुंट्या पिळाव्या लागतात, घोडीवर तारेखालचा सुताचा धागा सरकवत जवारी शोधावी लागते. कान तयार होतो तो या कटकटीत. प्रवासात ॲप लावा, मान्य. पण घरीसुद्धा? आणि मैफलीत प्रायोजकांची नावं तीनतीनदा वाचणाऱ्यांना, भोपळा वाळवून, कोरून, घोडी घासून सूर बसवणाऱ्याचं नाव एकदाही का आठवत नाही? नवा फोन हप्त्यावर घेताच ना? त्याआधी एक कॉल मिरजेला लावा. घासाघीस करू नका, आगाऊ रक्कम द्या.