तो ‘अचानक’ मेला नव्हता

“काल रात्रीपर्यंत ठणठणीत होता, सकाळी बघतो तर अचानक गेला.” खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्यांकडून तारामाशाबद्दल हे वाक्य हमखास ऐकू येतं. मीही ते म्हटलंय. पुण्यातल्या वन-बीएचकेत, दोन फुटी टँकसाठी मी एक निळा तारामासा आणला. रील झकास झाली. पाच महिन्यांनी त्याच्या एका हाताचं टोक विरघळू लागलं आणि दोन दिवसांत सगळा खेळ संपला. मी पाण्याला दोष दिला, लाइट गेल्याला दिला, दुकानदाराला दिला. स्वतःला द्यायला बराच वेळ लागला.

आता सरळ सांगतो. हा निळा तारामासा, म्हणजे लिंकिया, घरच्या टँकसाठी विकणं आणि विकत घेणं बंद व्हायला हवं. “आणा, पण नीट काळजी घ्या” असं मी म्हणत नाही. आणूच नका.

कारण आहे अन्न. लिंकिया प्रवाळखडकांवर फिरत तिथला सूक्ष्म जीवांचा आणि सेंद्रिय कणांचा पातळ थर खातो. आपल्या टँकमधले चार दगड तो बघता बघता चाटूनपुसून साफ करतो. मग? कोळंबीचा तुकडा पुढे ठेवला तरी बहुतेक वेळा तो ढुंकूनही बघत नाही. त्याच्या हातांमध्ये पचनग्रंथी असतात. तिथल्या साठ्यावर तो महिनोन्‌महिने तग धरतो. आतून रिकामा होत जातो आणि वरून मात्र तोच निळा रंग. कुत्रा उपाशी असेल तर भुंकतो, मांजर पायात घोटाळते. हा काचेला चिकटून राहतो आणि आपण पाहुण्यांना सांगतो, “किती शांत आहे ना!”

कधी कधी मरण पहिल्याच दिवशी ठरतं. तारामाशाला रक्त नसतं. पाठीवरच्या चाळणीसारख्या भागातून समुद्राचं पाणी आत येतं, नळ्यांमधून फिरतं आणि त्याच्या जोरावर शेकडो बारीक पाय हलतात. बाहेरची क्षारता बदलली की आतलीही बदलते. ती सावरून धरायची सोय त्याच्याकडे नाही. म्हणून पिशवीतल्या पाण्यात टँकचं पाणी थेंबथेंब सोडत तासन्‌तास थांबावं लागतं. त्याला पाण्याबाहेर काढायचं नसतं. मला हे पिशवी हातात देताना कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

“मग दुसरा कुठला घेऊ?” पर्याय बघू. चॉकलेट चिप तारामासा मांसाचे तुकडे खातो, त्यामुळे जगतो. पण तो प्रवाळही खातो, म्हणजे प्रवाळाच्या टँकमधून बाद. वाळू चाळणारा अ‍ॅस्ट्रोपेक्टन वाळूतले बारीक जीव संपवतो आणि मग त्याचीही उपासमार सुरू. अगदीच राहवत नसेल तर ब्रिटल स्टार. हा खरं तर तारामासा नव्हे, चुलतभाऊ. माशांचं उरलंसुरलं खाऊन राहतो. फक्त हिरवा टाळा, तो छोटे मासे पकडतो. आणि टँक निदान वर्षभर मुरलेला हवा, क्षारता हजारी ३५ च्या आसपास स्थिर हवी, तांबं असलेलं औषध टँकमध्ये कधीच पडता कामा नये. एवढं जमणार नसेल तर हाही नको.

यावर ठरलेलं उत्तर येतं: “त्याला मेंदूच नाही, त्याला काय कळतंय?” मेंदू नाही, हे खरं. पण प्रत्येक हाताच्या टोकाला डोळा आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी याच निळ्या लिंकियाला खडकापासून थोडं दूर वाळूवर ठेवलं. तो खडकाच्या दिशेने चालत गेला. ज्यांचे डोळे काढले होते, ते भरकटले. त्याला दुःख होतं का, यावर वाद घालत बसू. पण ज्याला आपलं घर दिसतं, त्याला आपण कशात ठेवतोय ते तरी बघा.

दुसरं उत्तर जरा वजनदार आहे: टँकमुळे समुद्राबद्दल प्रेम वाटतं. मान्य. माझंही तिथूनच सुरू झालं. मग हॅचरीत वाढलेले क्लाउनफिश पाळा. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही त्यांच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलंय. दुकानातले तारामासे मात्र जवळपास सगळे समुद्रातूनच उचललेले असतात. ज्याच्यावर प्रेम आहे, त्याच्याच घरातून चोरी कसली करता? तारामाशाची नातलग समुद्रकाकडी २००१ पासून वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. तारामाशासाठी कायद्याची वाट बघायची गरज नाही. आपण मागणं थांबवलं की दुकानदार आणणं थांबवतो.

बघायचाच असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला किनाऱ्यावर जा. अगदी मुंबईतही वाळूत तारामासे दिसतात. निळे नसतात, वाळूच्याच रंगाचे असतात, म्हणून नीट बघावं लागतं. पाय जपून ठेवा, त्याला उचलू नका, वाकून बघा. रील तिथेही होते. आणि तुम्ही घरी गेल्यावर भरती त्याला पुन्हा पोटात घेते.