लॅपटॉप हाती आला. मोडी कागदाचे काय?

तिरुवैयारु (तमिळनाडू) : कावेरीकाठच्या या गावात संत-संगीतकार त्यागराज यांची समाधी आहे. त्यांच्याविषयी इंटरनेटवर शोध घेणाऱ्या विद्यार्थ्यापुढे एक कथा हमखास येते. तंजावरच्या सरफोजी राजांनी त्यांना दरबारी बोलावले, धन देऊ केले. त्यागराजांनी ते नाकारून ‘निधि चाल सुखमा’ ही कृती रचली. पानामागून पान हेच सांगते. समकालीन आधार मात्र बहुतेक पाने देत नाहीत, आणि यंत्राकडून मिळणारे तयार उत्तरही तीच कथा अधिक ठामपणे पुढे ठेवते.

तमिळनाडू सरकारने २०२५-२६च्या अर्थसंकल्पात २० लाख महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दोन वर्षांत लॅपटॉप किंवा टॅबलेट देण्याची घोषणा केली. शालेय विद्यार्थ्यांसाठी अशी योजना राज्यात २०११पासूनच सुरू झाली होती. साधनाचा प्रश्न त्यामुळे बराच हलका झाला. शोध कसा घ्यावा आणि माहिती कशी पडताळावी, हे शिकविण्याला तितके महत्त्व मिळालेले नाही.

वास्तविक पडताळणीची जागा येथून जवळच, तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. सरफोजी दुसरे (राज्यकाल १७९८-१८३२) यांनी समृद्ध केलेल्या या संग्रहात संस्कृत, तमिळ, तेलुगूबरोबरच मराठी हस्तलिखिते आणि दरबारचे मोडी कागद आहेत. त्यागराज (१७६७-१८४७) त्याच काळातले. दरबारी निमंत्रणाची नोंद शोधायची तर प्रथम या कागदांकडेच वळावे लागेल. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ मध्ये स्थान मिळाले; पण कागदाचे छायाचित्र संगणकावर चढविल्याने त्यातील मजकूर शोधयंत्राला सापडत नाही. जाणकाराने तो वाचून उतरवावा लागतो.

नावांचा घोळ वेगळाच. सरफोजी, सर्फोजी, शरभोजी. तंजावर, तंजावूर, टँजोर. एकाच रूपाने शोध घेणाऱ्याला निम्मे साहित्य दिसतच नाही. त्यातच त्यागराजांचे जन्मस्थान तिरुवारूर येथील देवाचे नावही त्यागराजच! अशा वेळी पर्यायी नावांची यादी करून तमिळ, मराठी आणि इंग्रजीत स्वतंत्र शोध घेणे, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयासारख्या नोंदबद्ध संग्रहापासून सुरुवात करणे आणि प्रत्येक विधानाचा सर्वांत जुना आधार गाठणे, एवढा सराव वर्गात सहज करून घेता येतो. त्यासाठी नव्या उपकरणाची गरज नाही. वेळ देणारा ग्रंथपाल मात्र हवा.

केंद्राच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या ज्ञान भारतम् मिशनमध्ये एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन अपेक्षित आहे. त्यात छायाचित्रणाच्या जोडीने लिप्यंतरालाही निधी आणि मोडी वाचक मिळतात का, यावर तंजावरचे कागद विद्यार्थ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचणे अवलंबून राहील.