वजनकाट्यावरची लढत

आपल्या घरातील तरुण मुले मोबाइलवर ज्या लढती श्वास रोखून पाहतात, त्या मिक्स्ड मार्शल आर्ट्समधील एका नामवंत मल्लाविषयी आज लिहीत आहे. कुस्ती, मुष्टियुद्ध, ज्युदो यांचा मेळ असलेल्या या खेळात खबीब नुरमागोमेदोव २९ व्यावसायिक लढती लढला आणि एकही हरला नाही. मला मात्र त्याच्या एका न झालेल्या लढतीविषयी बोलायचे आहे.

रशियातील डोंगराळ दागेस्तानात, सिल्दी या खेड्यात १९८८ साली खबीबचा जन्म झाला. वडील अब्दुलमनाप हेच त्याचे गुरू. घराच्या तळमजल्यावरच त्यांनी व्यायामशाळा थाटली होती. बालपणापासून घडविलेले हे शरीर मार्च २०१७ मध्ये प्रतिस्पर्ध्याचा हात लागण्यापूर्वीच लास व्हेगासच्या रुग्णालयात पोहोचले. कारण होते, लढतीसाठी घाईने उतरविलेले वजन. अंतरिम जगज्जेतेपदाची ती लढत रद्द झाली.

खबीबच्या गटाची मर्यादा सुमारे ७०.३ किलो. वजन आदल्या दिवशी होते. म्हणून अनेक मल्ल अखेरच्या काही दिवसांत पाणी तोडतात, गरम पाण्याने स्नान करून घाम गाळतात आणि वजन झाल्यावर पुन्हा पाणी पितात. यात चरबी फारशी घटत नाही. घटते ते शरीरातील पाणी. रक्ताचे आकारमान कमी होते, हृदयाचे ठोके वाढतात, मूत्रपिंडांना रक्त अपुरे पडते. सोडियम-पोटॅशियमचा तोल बिघडला, तर हृदयाची लय चुकू शकते. घाम आटला की शरीराचे तापमान आवरत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीतील तीन तरुण असेच वजन उतरविताना दगावले. डिसेंबर २०१५ मध्ये मनिला येथे यांग जियान बिंग हा २१ वर्षांचा चिनी मल्ल गेला. त्यानंतर तेथील आयोजक संस्थेने लघवीच्या तपासणीतून शरीरातील पाणी पाहण्याचा नियम केला.

आपल्या तालमींतील मुलेही वजनगटांतच खेळतात. कोणी स्पर्धेच्या तोंडावर लघवी होण्याची गोळी मागितली, तर ठाम नकार द्या. ती घातक आहे, शिवाय उत्तेजक-विरोधी नियमांनुसार निषिद्धही आहे. वजन कमी करायचेच असेल, तर आठवड्याला अर्धा ते एक किलो, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने. वाढत्या वयाच्या मुलाला वरच्या गटात खेळविणे अधिक शहाणपणाचे. गडद लघवी किंवा लघवी बंद होणे, भोवळ, पेटके, छातीत धडधड ही धोक्याची लक्षणे होत. मूल असंबद्ध बोलू लागले, तर तोंडाने पाणी न पाजता त्याचे अंग गार करीत तत्काळ रुग्णालय गाठा.

खबीब सावरला आणि एप्रिल २०१८ मध्ये जगज्जेता झाला. जुलै २०२० मध्ये करोनानंतरच्या गुंतागुंतीने वडील गेले. ऑक्टोबरमध्ये शेवटची लढत जिंकून, वडिलांविना लढणार नाही असे आईला दिलेले वचन सांगत, वयाच्या ३२ व्या वर्षी तो निवृत्त झाला. आखाड्यात उतरणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरी अशीच एक आई वाट पाहत असते. पुढच्या वेळी तो वजनकाट्यावर उभा राहील, तेव्हा आकड्याबरोबर त्याच्या चेहऱ्याकडेही पाहा.