पेनड्राइव्ह दाखवू नका, जमा करा

जुलै 2025 मध्ये काँग्रेसचे आमदार नाना पटोले यांनी विधानसभेत पेनड्राइव्ह दाखवला. मंत्रालय, ठाणे, नाशिक इथल्या ‘हनी ट्रॅप’मधून सरकारची गोपनीय कागदपत्रे बाहेर जात असल्याचा त्यांचा आरोप होता. असे काही नाहीच, असे म्हणून मुख्यमंत्री फडणवीसांनी तो उडवून लावला. जुलै 2023 मध्ये भाजपचे किरीट सोमय्या यांच्या कथित चित्रफितीवरून तेव्हाचे विरोधी पक्षनेते अंबादास दानवेंनी विधान परिषदेत पेनड्राइव्ह दिला होता. एकूण काय, जुलै आला की पावसाबरोबर पेनड्राइव्हही येतो!

ठाण्याचे नाव निघाल्यावर आसनगावच्या फलाटापासून मुरबाडच्या एसटी स्टँडपर्यंत एकच चौकशी: बाई कोण, व्हिडिओ आहे का? ‘तुझ्यापुरताच ठेव’ म्हणत पाठवलेला मजकूर संध्याकाळपर्यंत गावभर होतो. कागद कुठला गेला, कोणाच्या टेबलावरून गेला, हे विचारणारा विरळाच. याच ठाणे जिल्ह्यातल्या शहापुरात समृद्धी महामार्गासाठी जमिनी गेल्या. सातबाऱ्यावरच्या एका नोंदीसाठी माणसे तहसीलच्या पायऱ्या झिजवतात. इथे तरी हा प्रश्न आधी सुचायला हवा होता.

सगळे उघड केल्याने सत्य पुढे येते, हाही भ्रमच. सप्टेंबर 1998 मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाने अध्यक्ष क्लिंटन आणि मोनिका लेविन्स्की प्रकरणातला वकील केनेथ स्टार यांचा चौकशी अहवाल बारीकसारीक तपशिलांसह इंटरनेटवर टाकला. शपथेवर खोटे बोलल्याचा मूळ आरोप बाजूला पडला. लोकांच्या लक्षात राहिला तो लेविन्स्कीचा निळा ड्रेस. फेब्रुवारी 1999 मध्ये सिनेटने क्लिंटन यांना दोषमुक्त केले.

पण ‘महिलेच्या सन्मानासाठी’ पडदा ओढणाऱ्यांचाही कावा ओळखावा. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख झाकायला कायदा सांगतो. पुढाऱ्याची खुर्ची झाकायला नव्हे. जुलै 2025 मध्येच शहापूरच्या एका शाळेत मासिक पाळी तपासण्यासाठी मुलींचे कपडे उतरवले गेले. मुलींची नावे जाहीर न करताही पोक्सो कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला, मुख्याध्यापिकेला अटक झाली. कारवाईला चवदार तपशील लागत नाहीत, तक्रार आणि पुरावा लागतो.

तेव्हा यापुढे सभागृहात कोणी पेनड्राइव्ह उंचावला, तर पीठासीन अधिकाऱ्यांनी तो तिथेच मागून घ्यावा, मोहोरबंद करून तपास यंत्रणेकडे पाठवावा आणि निष्कर्ष कोणत्या तारखेला पटलावर येणार, हे त्याच दिवशी सरकारकडून वदवून घ्यावे. आत काय आहे, ते न्यायाधीशांनी पाहावे. दोषी कोण आणि त्याचे पद गेले की राहिले, एवढे आम्हाला कळवावे.