रुखवताचं कौतुक खूप झालं, आता दर सांगा



लग्नसराई जवळ आली की आपल्या वाडीतल्या ताया हमखास विचारतात, "सर, रुखवताच्या ऑर्डरी घेऊ का?" घ्या की! पण दर ठरवताना आपण कुठे चुकतो ते आधी बघू.

रुखवत म्हणजे मुलीच्या हातच्या कलेचं प्रदर्शन. क्रोशाचं तोरण, भरतकामाचे रुमाल, सुपारीचे नवरा-नवरी, सप्तपदीची सात पावलं. पाहुण्यांनी बघायचं आणि "पोरगी गुणाची आहे" म्हणायचं. चीनमध्येही असंच. तिथे चांद्र वर्षाच्या सातव्या महिन्यातल्या सातव्या दिवशी छीशी नावाचा सण असतो. मुली चांदण्यात सुईत दोरा ओवायच्या आणि आकाशातल्या विणकर कन्येकडे हाताला कसब मागायच्या. दक्षिणेत ग्वांगदोंगकडे तर हस्तकलेच्या वस्तू टेबलावर मांडतात, अगदी आपल्या रुखवतासारख्या. २००६ मध्ये चीनने हा सण राष्ट्रीय वारशाच्या यादीत घेतला.

दोन्हीकडे कौतुक भरपूर, पण मजुरी किती झाली हे कोणी विचारत नाही. आज नवरी नोकरी करते, वेळ नाही, म्हणून रुखवत विकत घेतात. म्हणजे गिऱ्हाईक तयार आहे. आपण मात्र अजून घरच्या लग्नासारखाच भाव सांगतो.

उदाहरण घ्या. तोरणाला २०० रुपयांचा दोरा-मणी लागला, विणायला १४ तास. तुम्ही ४०० सांगितले. म्हणजे तासाला जेमतेम १४ रुपये! तासाचे ६० धरले तरी ८४० मजुरी, अधिक २०० सामान, झाले १,०४०. नफा अजून धरलाच नाही.

"इतवारीत तयार तोरण स्वस्त मिळतं," असं गिऱ्हाईक म्हणेलच. म्हणू द्या. ज्याला तेच हवं त्याने तिथूनच घ्यावं, त्या भावाशी भांडू नका. तुम्ही नवरा-नवरीची नावं, शालूच्या काठाचा रंग, त्यांच्या पसंतीची नक्षी द्या. आणि सप्तपदीसारखी दोन तासांपुरती लागणारी वस्तू विकूच नका. डिपॉझिट घेऊन भाड्याने द्या, एकच सेट सीझनभर फिरतो.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे मावशी-काकू. "घरचंच आहे ना, कमी लाव." आहेर म्हणून द्यायचं असेल तर खुशाल फुकट द्या, पण अर्ध्या भावात ऑर्डर घेऊ नका. तोच भाव मग गल्लीभर होतो.

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतील. त्याआधी एक तोरण घड्याळ लावून विणा आणि तास वहीत लिहून ठेवा.